लेप वाळेपर्यंत

माझ्या थोरल्या बहिणीला आठवड्यातून एकदा पाव घंटा पाहिजे होता. शुक्रवारी दुपारी, मागच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली, कोणी हाक न मारता. तो तिनं साडेतीन रुपये देऊन मिळवला होता, आणि मी तो एका पत्रकानं घालवला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी काही लपवून ठेवलं असं कोणाला वाटायला नको. पत्रकं लिहिणाऱ्यानं निदान एवढं तरी करावं.

तेव्हा मी पूर्णेत होतो. गाव आमचं राणीसावरगाव. सहावीपर्यंत मी उर्दूत शिकलो, मग पोलीस कारवाई झाली, निजामाचं राज्य गेलं आणि उजवीकडून डावीकडं जाणारी अक्षरं डावीकडून उजवीकडं जायला लागली. माझा त्यात बराच गोंधळ झाला. पुढं शिकायला म्हणून बापानं मला आक्काच्या सासरी ठेवलं. शिकलो थोडं, पत्रकं लिहिली जास्त. मराठी मुलखाचं एक राज्य व्हावं म्हणून लिहिली, फलाटावरच्या नळाला पाणी यावं म्हणून लिहिली, दुधात पाणी घालणाऱ्यांच्या नावानं लिहिली. वाचनालयात एक गुरुजी होते, त्यांनी मला हे शिकवलं. ते म्हणायचे, "मुद्दे पाच पाहिजेत. चार असले तर लोक म्हणतात, एवढंच का. सहा असले तर वाचत नाहीत. पाच बोटं, पाच मुद्दे, मग मूठ." मी ते मंत्रासारखं धरून बसलो होतो. जगात जे वाईट आहे त्यावर पाच मुद्दे निघतातच, अशी माझी खात्री होती.

आक्काचं घर म्हणजे रेल्वेच्या दोन खोल्या आणि मागं अंगण. घरात आक्का, तिची सासू, दोन दीर आणि मी. दाजींची बदली भुसावळच्या पलीकडं झालेली. तिथं क्वार्टर मिळालं की बोलावून घेतो, असं ते दर पत्रात लिहायचे. क्वार्टर काही मिळत नव्हतं. दोन्ही दीर इथल्याच इंजिनशेडमध्ये कामाला.

ज्यांनी रेल्वेचं घर पाहिलं नाही त्यांना एक सांगायला पाहिजे. तिथं काम घड्याळावर चालत नाही, हाकेवर चालतं. शेडमधून कॉलवाला येतो, दारात उभा राहून ड्यूटीवाल्याला पुकारतो, वहीवर सही घेतो, आणि तिथून घरात डबा बांधायची घाई सुटते. तो सकाळी येतो, भर दुपारी येतो, माणूस जेवायला बसला असताना येतो. दोघा भावांच्या पाळ्या वेगळ्या. एकाचा डबा बांधून होतो तोवर दुसरा कोळशानं काळाठिक्कर होऊन दारात, पाणी तापव म्हणून. मधल्या वेळात सासू. "सूनबाई, ज्वारी निवडलीस का. सूनबाई, गवऱ्या आत घेतल्यास का. सूनबाई, कुठं हाईस." एका दुपारी मी आपलं गंमत म्हणून हाका मोजायला बसलो. वीस झाल्यावर सोडून दिलं, कारण एकविसावी माझीच होती. शाईची दौत सापडत नव्हती.

त्या पौषात आक्काचे गाल उलले. आमच्याकडची थंडी कोरडी. वरून दिवसभर चुलीची धग आणि इंजिनाचा धूर. गालांवर बारीक चिरा पडल्या, मग ओठांच्या कडेला पडल्या. हसली की रक्त यायचं, म्हणून तिनं हसणंच कमी केलं. मला ते सहन होत नव्हतं. आक्काचं हसणं म्हणजे काय हे आमच्या गल्लीला विचारावं, ती हसली की शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून विचारायची, "काय झालं गं, मला बी सांग."

पहिल्यांदा तिनं आमच्या आईचाच इलाज केला. साय, मुलतानी माती, करडईच्या तेलाचे दोन थेंब. तोंडाला लावून लिंबाखालच्या धुण्याच्या दगडावर जाऊन बसली. हा लेप वाळू द्यावा लागतो, पाव घंटा तरी. वाळेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, नाहीतर तो तडकतो आणि कातडं आणखी ओढतं. दोन मिनिटं झाली नसतील, सासू दारात आली.

"तोंडाला पिठलं काय फासलंयस," ती म्हणाली. "ते ताटात वाढ. पोरगं जेवायला बसलंय."

आक्का उठली, तोंड धुतलं, वाढायला गेली. पुढच्या वेळी असंच. त्याच्या पुढच्या वेळीही. लेप कधी वाळलाच नाही, तर गुण कुठून येणार.

मग एक दिवस तिनं डबी आणली. ती वाकळी शिवून द्यायची शेजाऱ्यांना, त्यातून साठवलेले पैसे. बाजारात एक मनियार चाचा होते, बांगड्या, फण्या, अत्तरं, काजळ विकायचे. त्यांच्याकडं ही डबी मुंबईहून येत होती. झाकणावर गोऱ्या बाईचं चित्र, आत गुलाबी भुकटी, ती दुधात कालवून तोंडाला लावायची. चेहऱ्यात पाणी भरतो, असं डबीवर छापलेलं. छापलेल्या शब्दाचा मला आधीच संशय. स्वतः छापून आणत होतो ना.

सासूनं डबी हातात घेऊन उलटीपालटी केली. "केवढ्याला आणलीस?"

"साडेतीन, आत्याबाई."

"हाली का कलदार?" म्हणजे निजामाचा हलका रुपया का सरकारी.

"कलदार."

सासू दगडावरच बसली. "अगं बाई, एवढ्यात मी थोरल्याचं बारसं केलतं." थोरला म्हणजे आमचे दाजी. तिनं झाकण उघडून वास घेतला, परत लावलं, आणि डबी आक्काच्या हातात दिली.

त्या शुक्रवारी आक्का लेप लावून बसली. मी उंबऱ्यात होतो. पाच मिनिटं झाली आणि धाकट्या दिरानं आतून आवाज दिला, "वैनी, पाणी दे."

उत्तर सासूनं दिलं. "गप बस. तिच्या तोंडावर साडेतीन रुपये वाळायलेत. ऊठ अन् आपल्या हातानं घे."

आणि तो उठला. त्याला माठ कुठं आहे ते माहीत होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तेव्हापासून शुक्रवारची दुपार आक्काची झाली. सासू स्वतः दारात राखण बसायची. कॉलवाला आला तरी ती त्याला बाहेरच थोपवायची, "हळू बोल, महागाचं काम चालू हाय." मला त्या पाव घंट्याचा वेगळाच फायदा झाला. आक्काला लिहितावाचता येत होतं; माझं पत्रक छापखान्यात जायच्या आधी ती ऐकायची. एरवी दोन ओळी वाचल्या की कोणीतरी हाक मारायचं आणि तिसरी ओळ अर्धीच राहायची. आता मी अख्खं पत्रक वाचायचो. तिला बोलता येत नव्हतं म्हणून आम्ही ठरवून घेतलं: गुडघ्यावर एक टिचकी म्हणजे ठीक, दोन म्हणजे खोडून टाक. दोनच्या टिचक्या लय पडायच्या. "भांडवलदारांच्या काळ्या कारवायांना चिरडून टाका" असं मी दूधवाल्याबद्दल लिहिलं होतं. ती दोन टिचक्या मारून थांबली नाही, गुडघा बडवतच राहिली, आणि ओठ न हलवता नाकातून म्हणाली, "हसवू नको रे भाऊ, तडकंल." मग तडकलाच. डाव्या डोळ्याखालून हनुवटीपर्यंत एक भेग गेली आणि मागून तिचं हसणं बाहेर आलं. गाल तोवर भरून आले होते. रक्त आलं नाही.

इथंच मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मला राग आला होता. आक्काचा नाही, डबीचा. साडेतीन रुपये म्हणजे बिगारी माणसाची दोन-तीन दिवसांची मजुरी. ती घ्यायची आणि मूठभर मातीवर गोऱ्या बाईचं चित्र लावून द्यायची. चेहऱ्यात पाणी भरतो म्हणे. अरे, फलाटावरच्या नळात पाणी भरा आधी.

मी चाचांच्या दुकानावर गेलो आणि विचारलं, यात काय आहे ते सांगा.

"मट्टी है, खुशबू है," चाचा म्हणाले.

"मग पाणी कुठंय?"

"पानी भरता करके कंपनीवाले बोलते. मैं क्या अंदर जाके देखा? बेटा, मैं डब्बा बेचतूं, चेहरा नै बेचतूं." मग काजळाच्या डब्या पुसत पुसत ते म्हणाले, "तुमारी बहन को पूछो ना, क्यों लेती."

हा सल्ला फुकट होता. मी तो घेतला नाही.

मी घरी येऊन आक्काला म्हणालो, आपण परीक्षा घेऊ. अर्ध्या तोंडाला डबीचा लेप, अर्ध्याला आईचा. डावं महागाचं, उजवं फुकटचं. पाच शुक्रवार. मग काय ते दिसेल.

"अन् लावून बसायचं तेवढंच का?" तिनं विचारलं. "पाव घंटा?"

"तेवढंच. वाळेपर्यंत."

"मंग लाव," ती म्हणाली.

पाच शुक्रवार मी स्वतः तिच्या तोंडाला लेप लावला. नाकाच्या मधोमध रेघ. डावीकडं गुलाबी, उजवीकडं पिवळसर. दीर म्हणायचे, "वैनी, तुमची दोन राज्यं झाली. सरहद्द नाकावर हाय, भांडण होईल." आक्का डोळे मिटून बसायची. लिंबाची वाळकी पानं तिच्या मांडीवर पडायची, ती झटकायची नाही. शेडमधून इंजिन मोकळी वाफ सोडायचं तेवढाच आवाज. मी वाचायचो, ती टिचक्या मारायची. कधी मी वाचायचंच विसरायचो आणि नुसता बसून राहायचो. ते पाच शुक्रवार अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. त्या वेळी मात्र मी पुरावा गोळा करत होतो.

पाचव्या शुक्रवारी निकाल द्यायला सासूला बोलावलं. तिला दिसत कमी होतं, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले आणि दोन्ही हातांनी आक्काचे दोन्ही गाल चाचपले. अंगठे हळूहळू डोळ्यांखालून कानापर्यंत नेले. पाच वर्षं सून घरात होती; सासूनं तिच्या तोंडाला हात लावलेला मी तोवर पाहिला नव्हता. आक्काही दचकली.

"इकडचं बी लोण्यावानी, तिकडचं बी लोण्यावानी," सासू म्हणाली. हात मात्र तिनं लगेच काढून घेतले नाहीत.

झालं. मला पुरावा मिळाला. मी त्याच दिवशी लिहायला बसलो. आक्का भाकरी थापता थापता म्हणाली, "भाऊ, हे पत्रक नको काढू."

"काहून? खोटं हाय का?"

"खोटं न्हाई."

"मंग?"

"उगीच. नको वाटायलंय."

मी तिला सांगितलं की नको वाटणं हा मुद्दा होत नाही. कारण दे. तिनं भाकरी उलटली, फुगलेल्या जागेवर बोट टेकवलं, आणि तेवढ्यात आतून हाक आली, सूनबाई. ती गेली. कारण राहून गेलं. मला वाटलं, तिच्याकडं नसेलच.

पत्रकात चार मुद्दे सहज निघाले. एक, डबीत माती आहे. दोन, तीच माती बाजारात चिमूटभर पैशांत मिळते. तीन, चेहऱ्यात पाणी भरत नाही, वरचं सुकू देत नाही, आणि ते काम साय तेवढंच करते. चार, अर्ध्या-अर्ध्या तोंडावर पाच आठवडे पारखून हे सिद्ध झालं आहे. चारही खरे. आजही छापीन. पण गुरुजींची पाच बोटं. पाचवा मुद्दा सुचेना. रात्र नाही, दिवस नाही, मी पाचवा शोधत हिंडत होतो. शेवटी छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस हात पुसत उभा, म्हणाला, "देतोस का जाऊ जेवायला?" तिथंच उभ्या उभ्या मी लिहून दिलं: "पाच. घरचा लेप स्वस्त असल्यानं त्याचे चोचले करावे लागत नाहीत. बसून वेळ न दवडता घरकाम करता करताही तो लावता येतो."

हे मी कधी पारखलं नव्हतं. कोणी पारखलं नव्हतं. पत्रकातला तेवढा एकच मुद्दा हवेतून आणलेला, आणि तेवढाच लोकांनी धरला.

पत्रक गाजलं. विहिरीवर बायकांनी वाचून घेतलं, फलाटावर वाटलं, चाचांच्या दुकानासमोरही मी स्वतः वाटलं. चाचांनी चष्मा लावून वाचलं, घडी केली, काउंटरखाली ठेवलं. "अच्छा लिखे," म्हणाले. "पूछे नै मगर." मी म्हणालो, काय पूछायचं होतं? ते गिऱ्हाइकाला बांगड्या भरायला लागले.

घरी सासू म्हणाली, "तुझा कागुद आमाला बी वाचून दाखव. गाव वाचायलंय, आमीच राहिलोत का." मी उभा राहून, आवाज चढवून वाचलं. चार मुद्दे तिनं मान हलवत ऐकले. पाचव्याला थांबवलं.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हंजे बसायची गरज न्हाई की," सासू म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. एखादी चांगली बातमी ऐकावी तसं ती म्हणाली. आक्का चुलीपाशी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. लाकूड आत सारलं.

पुढच्या शुक्रवारी आक्का घरचा लेप लावून भाकरी करायला बसली. मी पाहिलं. चुलीच्या धगीनं लेप लावताक्षणी वाळून कडक झाला, मग घामानं सुटला, खपल्या पिठात पडायला लागल्या. धाकटा दीर म्हणाला, "वैनी, भाकरीला बी लेप व्हय?" सगळे हसले, आक्काही हसली. तोंड धुऊन आली. त्यानंतर तिनं लेप लावलाच नाही. डबीत निम्म्याहून जास्त भुकटी उरली होती, कारण पाच आठवडे ती अर्ध्याच तोंडाला लागत होती. ती तिनं फडताळात मागं सरकवून ठेवली.

दोन-तीन शुक्रवार गेल्यावर मी विचारलं, डबी तर आहे, बसत का नाहीस. ती परातीत पीठ मळत होती. मळायची थांबली नाही.

"भाऊ, डबीत माती हाय हे मला पयल्या दिशी कळलं होतं," ती म्हणाली. "माती काय मी कधी बघितली न्हाई का. तू माझं तोंड तपासलंस. मला तोंडाचं काही न्हवतं. फुकटचा लेप लावला तर मला कोण बसू देतंय? पैशे पडले म्हणून घर गप बसलं. पाव घंटा. तू म्हणालास वाळेपर्यंत, मी म्हणलं लाव."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू त्याचा बी मुद्दा केला असतास."

हे खरं होतं. मी तेव्हाच मनात जुळवणी करत होतो: घरात राबणाऱ्या बाईला विश्रांती, एक, दोन, तीन.

मी सासूपाशी गेलो. ती वाती वळत होती. म्हणालो, "मावशी, आक्काला शुक्रवारी पाव घंटा बसू द्या."

"बस की म्हणावं. कोण धरलंय तिला."

"हाक मारू नका तेवढा वेळ."

"काम निघालं तर हाक मारायची न्हाई?" तिला ते खरंच समजत नव्हतं. "अन् बसायचं कशाला? काय दुखायलंय का तिचं? रिकामं बसायला काही कारण लागतंय का न्हाई? मी चाळीस वर्षं या रेल्वेत हाय. नवऱ्याचा कॉल, मंग लेकाचा कॉल. मी कधी बसले का?"

मला तिच्यावर पत्रक काढावंसं वाटलं. तिचं वाती वळणं थांबलं नव्हतं, म्हणून काढलं नाही.

उन्हाळ्यात दाजींचं पत्र आलं. क्वार्टर मिळालं होतं. आठ दिवसांत आक्काचं सामान बांधून झालं. फलाटावर सगळे आलो. दीर तिची ट्रंक चढवायला गेले, आणि सासू म्हणाली, "सूनबाई, पाण्याची सुरई घेतलीस का. सूनबाई, दशम्या वर ठिव." तिथंसुद्धा. आक्का खिडकीत बसली. मी खाली उभा. मला काहीतरी नीट बोलायचं होतं, पण मी आयुष्यभर पाच मुद्दे सोडून काही बोलायला शिकलो नव्हतो. गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीच्या लाकडावर एक टिचकी मारली. एकच. मग नांदेडची गर्दी उतरवून रिकामी झालेली ती गाडी परभणीकडं गेली.

घरी आल्यावर फडताळात मला डबी सापडली. माझ्याच पत्रकात गुंडाळून ठेवलेली.

त्याला तीन वर्षं होतील. शिकायला म्हणून मी त्याच घरी राहिलो. आक्काची पत्रं येतात. मधे एकात तिनं लिहिलं: "इथं एकच खोली आहे. हे ड्यूटीवर गेले की दुपारभर कोणी हाक मारत नाही. लेप लावायची काही गरज पडत नाही. पहिले पंधरा दिवस बरं वाटलं. आता दुपार लय लांब होते. परवा शेजारणीनं तिच्या सुनेला हाक मारली तर मीच ओ दिली. आत्याबाई कशा आहेत. त्यांचं तोंड थंडीत उलतं, ते त्या सांगायच्या नाहीत." खाली, पत्र संपल्यावर, वेगळ्या शाईत: "तुझं पत्रक मला कोणी वाचून दाखवत नाही आता. तूच पाठवत जा. खोडायचं ते मी खोडून पाठवीन."

हे पत्र मी सासूला वाचून दाखवलं तेव्हा पौष चालू होता. थोरल्या दिराचं लग्न व्हायचं होतं, घरात बाईमाणूस ती एकटीच. भाकरी तीच करायची. शेवटच्या ओळींपाशी येताना मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. तीन वर्षं रोज पाहत होतो, पण बघितलं नव्हतं. गाल फाटलेले होते. सुरकुत्यांच्या आत चिरा, चिरांत राख.

"तोंडाचं सोड," ती म्हणाली. "पयलं काय लिवलं ते परत वाच. कोणी हाक मारली अन् हिनं ओ दिली, ते."

मी परत वाचलं. ती उठून आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती फडताळ उचकत होती.

"ती डबी कुठं ठिवलीस रे," ती म्हणाली. "साडेतीन रुपयं पडलेत. वाया जायलेत उगी."

भुकटीचे खडे झाले होते, वास उडाला होता. मी वाटीत दूध घेऊन ते बोटानं फोडले. सायही चालली असती, फुकट. माझ्या पहिल्या चार मुद्द्यांतला एकही अजून खोटा ठरलेला नाही, आणि कोणी विचारलं, डबी घ्यावी का, तर मी नको म्हणेन. आधी घरातल्या माणसांना विचारा म्हणेन, आणि त्यांनी बसू दिलं नाही तर मग घ्या. पण त्या दुपारी मी सायीचं नाव काढलं नाही. सासूला लिंबाखालच्या दगडावर बसवलं आणि तिच्या सुरकुत्यांतून बोटं फिरवत लेप लावला, पूर्ण तोंडाला. तिनं डोळे मिटले. हात मांडीवर ठेवले, मग ते काय करायचं तिला कळेना, एकदा पदराची वात वळायला लागली, मग सोडून दिली.

"आता बोलायचं न्हाई," मी म्हणालो. "हसायचं बी न्हाई. वाळेपर्यंत."

तिनं हुं केलं.

थोड्या वेळानं पुढच्या दारात कॉलवाला आला आणि त्यानं सवयीप्रमाणं आवाज दिला, "मावशी, कॉल हाय, धाकट्याला उठवा." सासूची मान लगेच वळली, एक पाय खाली टेकला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतः दारात गेलो.

"हळू बोल," मी म्हणालो. "उठवतो मी. डबा बी मीच बांधतो. मावशीला हाक मारू नको."

"काहून, आजारी हाय का?"

"न्हाई. लेप लावलाय तोंडाला."

"कोणी, म्हातारीनं?"

"महागाचा हाय," मी म्हणालो.

त्यानं आत डोकावून पाहायचा प्रयत्न केला, मग वही पुढं केली. मी दिराला उठवलं, सही झाली, भाकरी फडक्यात बांधून दिली. परत मागं आलो तर सासू तशीच बसली होती, डोळे मिटून, आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यापासून गालावर एक बारीक भेग गेली होती. आमचं बोलणं तिनं ऐकलं होतं.

मी खाली बसलो. खिशातून आक्काचं पत्र काढलं. सासूनं डोळे न उघडता हात पुढं करून कागद चाचपला आणि पहिल्या ओळीकडं बोट नेलं, म्हणजे सुरुवातीपासून. लेप अजून पुरता वाळला नव्हता. मी वाचायला लागलो.